सत्तावीस सेंटची खिल्ली

पोस्ट मोठी आहे. रिचार्ज संपायच्या आत वाचून घ्या.

"अर्थतज्ज्ञ म्हणजे काय हो, पैसे द्या आणि पाहिजे ते आकडे काढून घ्या." मागच्या आठवड्यात मोबाइल रिचार्जवर लिहिलं तेव्हा खालच्या प्रतिक्रियांत हे वाक्य चार-पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत टाकलं होतं. लाइक्सही भरपूर. वाक्यात तथ्य आहेच, पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं सांगायचं तर एका अमेरिकन प्राध्यापकाची गोष्ट सांगावी लागेल. गोष्ट टेलिफोन कंपन्यांची आहे, केबल टीव्हीची आहे, आणि शेवटी फिरून तुमच्या-माझ्या घरातल्या जिओहॉटस्टारपर्यंत येते. धीर धरा.

माणसाचं नाव कार्ल शपिरो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९८५ साली यांनी मायकल कॅट्झ नावाच्या सहकाऱ्याबरोबर एक शोधनिबंध लिहिला, तो आजही या विषयात पहिल्या दिवशी शिकवतात. मुद्दा साधा. काही वस्तूंची किंमत त्या वस्तूत नसते, ती वापरणाऱ्या इतरांच्या संख्येत असते. एकट्याकडे फोन असून काय उपयोग? तुमच्या सोसायटीचा ग्रुप व्हॉट्सअॅपवर आहे म्हणून तुम्ही व्हॉट्सअॅपवर. दुसरं अॅप दहापट चांगलं असलं तरी तुम्ही एकटे जाऊन तिथे कोणाशी बोलणार? त्यामुळे अशा धंद्यात जो आधी पुढे जातो तो आणखी पुढे जातो. आणि त्याहून महत्त्वाचं, "हाच जिंकणार" असं लोकांना वाटलं की तो जिंकतोच. लोकांची अपेक्षा हीच ताकद ठरते. हे १९८५ साली लिहिलंय, तेव्हा आपल्याकडे टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत होते.

पुढे १९९० च्या दशकाच्या शेवटी शपिरोंनी हॅल व्हॅरियन यांच्याबरोबर 'इन्फर्मेशन रूल्स' हे पुस्तक लिहिलं. हे व्हॅरियन नंतर गुगलचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले. म्हणजे बघा, एक लेखक सर्वात मोठ्या कंपनीत गेला, दुसरा सरकारी पक्षाकडून मोठ्या कंपन्यांविरुद्ध साक्षीला उभा राहू लागला. पुस्तक तेच.

अमेरिकेच्या न्याय विभागात मक्तेदारीविरोधी शाखा आहे. तिथे अर्थशास्त्राच्या बाजूचं सर्वात वरचं पद असतं, ते बहुतेक वेळा विद्यापीठातल्या प्राध्यापकाला थोड्या काळासाठी देतात. शपिरो त्या खुर्चीवर दोनदा बसले, १९९५-९६ आणि नंतर २००९ ते २०११. मधल्या काळात कॅट्झसुद्धा त्याच खुर्चीवर होते, २००१ ते २००३. त्याआधी कॅट्झ दूरसंचार आयोगाचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते. २००६ ते २००८ शिकागोचे डेनिस कार्लटन तिथेच. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे एकाच कोर्टात भेटणार आहेत.

आता खरी गोष्ट.

एटी अँड टी ही फोन कंपनी. २०१५ साली तिने डायरेक्टटीव्ही ही डिश कंपनी घेतली, कर्ज धरून ६७ अब्ज डॉलरला. म्हणजे लोकांच्या घरात टीव्ही पोहोचवणारी सर्वात मोठी कंपनी झाली. मग ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने जाहीर केलं की आम्ही टाइम वॉर्नर विकत घेतोय, ८५ अब्ज डॉलर. टाइम वॉर्नर म्हणजे सीएनएन, टीएनटी, एचबीओ, वॉर्नर ब्रदर्सचा स्टुडिओ. पाइप आधीच ताब्यात होता, आता पाण्याची विहीरही घ्यायची.

नोव्हेंबर २०१७ मध्ये न्याय विभाग कोर्टात गेला. इथे राजकारणही होतं, ट्रम्प यांचा सीएनएनवरचा राग जगजाहीर होता आणि त्यामुळे बऱ्याच उदारमतवाद्यांना सरकार हरावं असं वाटत होतं. ते असो. सरकारतर्फे अर्थतज्ज्ञ म्हणून शपिरो उभे राहिले.

त्यांचा मुद्दा आपल्या केबलवाल्याला विचारलात तरी तो दोन मिनिटांत सांगेल. वाहिनी आणि केबल कंपनी यांच्यात दराची घासाघीस चालते. वाहिनीकडे एकच हत्यार, "पैसे वाढवून दे, नाहीतर वाहिनी बंद." फेब्रुवारी २०२३ मध्ये आपण हे पाहिलंय. स्टार, झी, सोनी यांनी दराच्या वादात काही केबल कंपन्यांचं प्रक्षेपण तोडलं आणि संध्याकाळी सातनंतर घराघरांत केबलवाल्याचा उद्धार सुरू झाला. पण हे हत्यार वाहिनीलाही लागतं. वाहिनी बंद तर वर्गणी गेली, जाहिराती गेल्या. म्हणून दोघंही थोडं ताणतात आणि तडजोड करतात.

आता समजा वाहिनीचा मालक आणि शेजारच्या डिश कंपनीचा मालक एकच झाला. वाहिनी बंद केली की चिडलेलं गिऱ्हाईक कुठे जाणार? काही जण त्याच मालकाच्या डिशकडे. म्हणजे एका खिशातून गेलेलं थोडं दुसऱ्या खिशात येतं. धमकी देणं स्वस्त झालं. धमकी स्वस्त झाली की ती जास्त जोरात दिली जाते. समोरच्याला हे कळतं, तो न भांडता जास्त पैसे देतो, आणि ते पैसे शेवटी ग्राहकाच्या बिलात येतात. वाहिनी प्रत्यक्षात एक दिवसही बंद करावी लागत नाही! हीच गोम आहे.

शपिरोंनी यावर गणित मांडलं. किती गिऱ्हाइकं सोडून जातील, त्यातली किती डायरेक्टटीव्हीकडे वळतील, प्रत्येकामागे नफा किती. सगळं जोडून-वजा करून उत्तर आलं, दर ग्राहकामागे महिन्याला सरासरी २७ सेंट. ऐकायला चिल्लर. सगळ्या ग्राहकांचं मिळून वर्षाला २८ कोटी डॉलरच्या वर.

समोरच्या बाजूने कोण? डेनिस कार्लटन. आणि, हो, मायकल कॅट्झ. १९८५ च्या निबंधावर ज्यांची नावं शेजारी शेजारी छापलीत ते दोघं एकाच खटल्यात समोरासमोर. एका खुर्चीवरून वेगवेगळ्या वेळी उठलेले तीन जण, एक सरकारकडून, दोन कंपनीकडून.

आता तुमचं ते "पैसे द्या आणि आकडे काढा" वाक्य आठवा. प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०१६ साली या धंद्यावर मोठा लेख केला होता. विलीनीकरणाच्या बाजूने अहवाल लिहिणाऱ्या बड्या प्राध्यापकांची फी तासाला हजार डॉलरच्या पुढे असते. शपिरो स्वतःही धुतल्या तांदळाचे वगैरे नाहीत. सल्लागार कंपनीशी त्यांचेही संबंध आहेत, कंपन्यांसाठीही त्यांनी काम केलंय. या क्षेत्रात हे सर्रास चालतं. २०२३ मध्ये युरोपियन आयोगाने येलच्या फिओना स्कॉट मॉर्टन यांची मुख्य स्पर्धा-अर्थतज्ज्ञ म्हणून निवड केली. त्याही न्याय विभागाच्या त्याच खुर्चीवर बसलेल्या. पण त्यांनी अॅपल, अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्टसाठी सल्ला दिला होता, शिवाय नागरिकत्व अमेरिकेचं. मॅक्रॉनपर्यंत सगळ्यांनी आरडाओरडा केला आणि काही दिवसांत त्यांनी माघार घेतली. गंमत म्हणजे याच बाई मोठ्या टेक कंपन्यांवर कडक कारवाई हवी असं म्हणणाऱ्यांपैकी.

तेव्हा संशय घ्या, जरूर घ्या. पण "दोघंही विकले गेलेत" म्हणून हात झटकले की फायदा कोणाचा होतो, हे पुढे बघा.

१२ जून २०१८. न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी १७२ पानांचा निकाल दिला. सरकार सपशेल हरलं. शपिरोंच्या गणिताची तर अक्षरशः चिरफाड. एक आकडा दुसऱ्या कंपनीसाठी केलेल्या पाहणीतून घेतला, दुसऱ्याला आधार कच्चा, एकूण मांडणी अतिगुंतागुंतीची. रूब गोल्डबर्ग हे अमेरिकन व्यंगचित्रकार साध्या कामासाठी भलतंच अवघड यंत्र काढायचे. त्या यंत्राची उपमा निकालात शपिरोंच्या मॉडेलला दिली गेली. कार्लटन यांचा युक्तिवाद न्यायाधीशांना भावला. तो होता, मागच्या अशा विलीनीकरणांनंतर भाव वाढलेले दिसत नाहीत. त्यात टाइम वॉर्नरच्या टर्नर विभागाने खटला दाखल झाल्यानंतर सगळ्या केबल कंपन्यांना सांगून टाकलं होतं की सात वर्षं दराचा वाद लवादाकडे नेऊ, तोवर वाहिनी बंद करणार नाही. न्यायाधीशांनी हे वचन जमेस धरलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये अपील कोर्टानेही निकाल कायम केला.

न्यायाधीशांच्या काही हरकती रास्त होत्या, हे मान्य. त्या पाहणीचा आकडा खरंच लंगडा होता. लवादाच्या वचनाचा परिणाम शपिरोंनी गणितात धरला नाही, हेही खरं. पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा.

शपिरोंना विचारलं गेलं, २७ सेंट कशावरून? २० का नाही? शून्य का नाही? एकेक आकडा सोलून काढला. आणि कंपनी काय म्हणत होती? की एकत्र आल्यावर जाहिरातींचं तंत्र सुधारेल, नवनवीन कल्पना येतील, ग्राहकाचं भलं होईल. भविष्य दोघांनीही सांगितलं. एकाने हिशेब दाखवून, दुसऱ्याने गुलाबी चित्र रंगवून. हिशेब दाखवणाऱ्याचा हिशेब तपासला गेला, कारण तपासायला काहीतरी होतं. १९१४ च्या क्लेटन कायद्यात तर शब्दच असे आहेत की स्पर्धा कमी होण्याची 'शक्यता' असली तरी विलीनीकरण थांबवता येतं. शक्यता! खात्री नव्हे. कोर्टाने मात्र शक्यतेकडून खात्रीचे पुरावे मागितले.

मग झालं काय? खटला जिंकल्यावर काही आठवड्यांत, जुलै २०१८ मध्ये, डायरेक्टटीव्ही नाऊ या इंटरनेटवरच्या सेवेचे दर महिना ५ डॉलरनी वाढले. मार्च २०१९ मध्ये पुन्हा वाढ. नोव्हेंबर २०१८ मध्ये एचबीओ डिश नेटवर्कवरून बंद पडलं. एचबीओच्या इतिहासात असं पहिल्यांदा झालं. आणि डिश कोणाची स्पर्धक? डायरेक्टटीव्हीची. डिशने विलीनीकरणाकडे बोट दाखवलं, एटी अँड टीने इन्कार केला. लवादाचं वचन टर्नरच्या वाहिन्यांपुरतं होतं. एचबीओ डिशवर परत यायला अडीच वर्षांहून जास्त काळ गेला.

शपिरोंचं गणित शब्दशः खरं ठरलं असा दावा मी करत नाही. एचबीओचा झगडा हा पुरावा नव्हे, इशारा म्हणा फार तर. पण कंपनीचं गुलाबी चित्र? त्याचं काय झालं हे मात्र शंभर टक्के ठाऊक आहे. ६७ अब्जांची डायरेक्टटीव्ही २०२१ मध्ये वेगळी काढली तेव्हा तिचं मूल्य धरलं सव्वासोळा अब्ज. आणि एप्रिल २०२२ मध्ये वॉर्नरही सोडून दिलं, डिस्कव्हरीशी जोडून, ४० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम आणि नव्या कंपनीत भागधारकांना ७१ टक्के हिस्सा घेऊन. सात वर्षांचं लवादाचं वचन संपायच्या आतच संसार मोडला. ज्या एकत्र येण्याने ग्राहकाचं सोनं होणार होतं ते एकत्र येणं चार वर्षंसुद्धा टिकलं नाही. त्या भविष्यवाणीला कोणी अगडबंब यंत्राची उपमा दिली नाही.

दुसरा खटला थोडक्यात. टी-मोबाइल आणि स्प्रिंट, अमेरिकेतली तिसरी आणि चौथी मोबाइल कंपनी, २६ अब्ज डॉलरचा सौदा. चारच्या तीन होणार. इथे केंद्र सरकार राजी झालं, पण न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया वगैरे राज्यं कोर्टात गेली. राज्यांतर्फे पुन्हा शपिरो. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायाधीश व्हिक्टर मरेरो यांनी राज्यांविरुद्ध निकाल दिला. निकालाचा सूर असा की दोन्हीकडच्या तज्ज्ञांची महागडी मॉडेलं एकमेकांना खोडून काढतात, तेव्हा त्यांचा फारसा उपयोग नाही.

हे वाक्य आणि आपल्या प्रतिक्रियांतलं वाक्य, दोन्ही सख्खी भावंडं. दोघंही भांडतात म्हणून दोघंही बाद. आणि बाद झाल्यावर उरतं काय? व्यवहार. तो आपोआप पास होतो. अंपायरने "दोन्ही बाजू ओरडतायत" म्हणून डोळे मिटले तर फायदा फलंदाजाचाच.

त्या निकालाला टेकू होता एका आश्वासनाचा. डिश कंपनी चौथी मोबाइल कंपनी उभी करेल. तिने २०२० मध्ये बूस्ट हा ब्रँड घेतला, टॉवर उभारायला सुरुवातही केली. २०२५ मध्ये तिच्या मूळ कंपनीने आपले मोठमोठे स्पेक्ट्रम एटी अँड टी आणि स्पेसएक्सला विकायला काढले. चौथा खेळाडू मैदान सोडून गेला. विलीनीकरणाने नोकऱ्या वाढतील असंही म्हणाले होते. टी-मोबाइलने ऑगस्ट २०२३ मध्ये ५,००० माणसं कमी केली. २०२४ मध्ये जुन्या प्लॅनचे दर वाढवले.

एवढं होऊन शपिरो काही क्रांतिकारक नाहीत हेही सांगतो, नाहीतर कोणीतरी त्यांचा फोटो लावून पूजा घालेल. मोठी कंपनी म्हणजे वाईटच, असं म्हणणाऱ्या तरुण मंडळींवर त्यांनी जोरदार टीका केलीय. आकार नको, परिणाम मोजा, ही त्यांची जुनी भूमिका. २०१० ची विलीनीकरणाची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं लिहिण्यात त्यांचा मोठा वाटा. डावे त्यांना कंपनीधार्जिणे म्हणतात, कंपन्यांचे वकील त्यांना अडथळा म्हणतात. मला हा माणूस पटतो तो एवढ्याचसाठी की तो आकडा टेबलावर ठेवतो आणि उलटतपासणीला उभा राहतो. हरतो, पण कागद मागे राहतो. आज सात-आठ वर्षांनी आपण तो उघडून कोण किती चुकलं हे ताडून पाहू शकतो.

आता घरी या.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, फुकट. एअरटेलने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की हे स्पर्धकांना मारण्यासाठी चाललंय. जून २०१७ मध्ये आयोगाने तक्रार निकाली काढली. कारण? जिओचा वाटा ७ टक्क्यांहून कमी, म्हणजे ती वरचढ कंपनी नाही, म्हणजे भाव पाडून मारण्याचा प्रश्नच येत नाही. कायद्याच्या चौकटीत बरोबर असेल. पण १९८५ च्या त्या निबंधाचा विद्यार्थी विचारेल, आजचा वाटा काय बघता? "हाच जिंकणार" असं लोकांना वाटायला लागलंय का ते बघा! चढणाऱ्याला तो अजून शिखरावर नाही म्हणून सोडायचं, आणि शिखरावर पोचल्यावर म्हणायचं, आता काय उपयोग.

जिओमुळे डेटा स्वस्त झाला. हे नाकारणारा खोटं बोलतो. खेड्यातल्या पोराला यूट्यूबवर अभ्यास करता आला तो त्यामुळेच. पण त्यानंतर एअरसेल बुडाली, आरकॉम बुडाली, टाटांनी मोबाइलचा धंदा एअरटेलला दिला, व्होडाफोन-आयडिया एकत्र येऊनही सरकारी टेकूवर उभी आहे. आणि जून २०२४ च्या अखेरीस तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांत दरवाढ जाहीर केली. जिओचा २३९ चा प्लॅन २९९ झाला. तुम्ही काय केलंत? मी काय केलं? भरले.

आणि ऑगस्ट २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने रिलायन्स आणि डिस्नेच्या भारतातल्या माध्यम व्यवसायाच्या एकत्रीकरणाला काही वाहिन्या विकण्याच्या आणि क्रिकेटच्या जाहिरातींबद्दलच्या अटी घालून मंजुरी दिली. ७० हजार कोटींचा व्यवहार. एका घरात आता काय काय आहे बघा. जिओचं मोबाइल नेटवर्क, घरातलं फायबर, हॅथवे आणि डेनसारख्या केबल कंपन्या, स्टार प्रवाहपासून सगळं स्टार, आयपीएलचे टीव्हीचे आणि मोबाइलचेही हक्क, आणि जिओहॉटस्टार. पाइपही त्यांचा, विहीरही त्यांची. एटी अँड टीच्या खटल्यात जो प्रश्न सहा आठवडे उघड्या कोर्टात, पत्रकारांसमोर, दोन्हीकडचे प्राध्यापक उभे करून घासला गेला, तोच प्रश्न. धमकी स्वस्त झाली का? स्पर्धकाच्या केबलवर, स्पर्धकाच्या फोनवर उद्या क्रिकेट कोणत्या दराने दिसेल?

आपल्याकडे ही छाननी प्रामुख्याने कागदोपत्री होते. उलटतपासणी नाही. एखाद्या प्राध्यापकाने "महिन्याला इतके पैसे वाढतील" असं शपथेवर सांगितलंय आणि समोरच्याने ते खोडून काढलंय, असं दृश्य तुम्ही कधी पाहिलंत? आपल्याला खिल्ली उडवायलासुद्धा शपिरो नाही. अर्थतज्ज्ञ विकले जातात म्हणणाऱ्यांनो, तुमच्याकडे विकत घ्यायलाही कोणी समोर आलेला नाही, कारण गरजच पडत नाही.

तज्ज्ञांना देव मानू नका. माझी मागणी तीन गोष्टींची आहे. विलीनीकरणाच्या बाजूने अहवाल देणाऱ्या प्रत्येक अर्थतज्ज्ञाने आपली फी आणि मागची कामं जाहीर करावीत. मोठ्या व्यवहारात कंपनीचे "ग्राहकाचं भलं होईल" हे दावे आकड्यांत मांडून घ्यावेत आणि ते लोकांसमोर ठेवावेत, धंद्याची खरीखुरी गुपितं तेवढी झाकून. आणि मंजुरीनंतर तीन वर्षांनी आयोगाने स्वतः परत जाऊन बघावं, दर काय झाले, वाहिन्या किती उरल्या, दिलेली वचनं पाळली का.

रिलायन्स-डिस्नेच्या मंजुरीला ऑगस्ट २०२७ मध्ये तीन वर्षं होतील. आपल्या खासदाराला हा एकच प्रश्न लोकसभेत विचारायला सांगा. मी माझ्या खासदारांना पत्र लिहिलंय, मसुदा पहिल्या प्रतिक्रियेत टाकतोय. नाव बदला आणि पाठवा.